सातबाऱ्यावरचं नाव आणि कसणारा

खानदेशात कुणी स्वतःला शेतकरी म्हणवून घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : यंदा काय लावलं? सातबाऱ्यावर नाव असलेले पुष्कळ असतात. कुणी पुण्यात नोकरीला असतो, कुणाची जमीन वर्षानुवर्षं बटाईने दिलेली असते, कुणाला आपल्या बांधावर कोणतं झाड उभं आहे तेही सांगता येत नाही. कागदावर तेही शेतकरीच. पण गावाच्या लेखी शेतकरी तो, जो कसतो.

'मुस्लिम' हा शब्द नेमका असाच घडलेला आहे. अरबीत सीन, लाम, मीम या तीन अक्षरांच्या धातूपासून 'अस्लमा' हे क्रियापद होतं : स्वतःला सोपवणं, हवाली करणं. ते काम करणारा तो मुस्लिम. सलाम आणि सलामती हेही त्याच मुळातले शब्द. म्हणजे नावाच्या पोटातच काम आहे. नाव आईबापांकडून मिळतं, घर मिळतं, मोहल्ला मिळतो. सोपवण्याचं काम मात्र कुणाच्या वारशाने येत नाही. ते ज्याचं त्याला, रोज, पहिल्यापासून करावं लागतं.

कुरआनाच्या 49व्या सूरेत (अध्यायात) वाळवंटातले काही अरब येऊन म्हणतात, आम्ही ईमान (श्रद्धा) आणलं. त्यावर उत्तर येतं : असं म्हणू नका, 'आम्ही ताबेदार झालो' एवढंच म्हणा, ईमान अजून तुमच्या अंतःकरणात उतरलेलं नाही. 14व्या आयतीतलं (वचनातलं) हे वाक्य कितीदा वाचलं तरी अंगावर काटा येतो, कारण ते आपल्याला उद्देशून आहे. पण लोक इथेच थांबतात आणि आयतीचा शेवट वाचायचा राहून जातो. शेवटी म्हटलं आहे की अल्लाहची आणि त्याच्या पैगंबराची आज्ञा पाळाल, तर तुमच्या कामांतलं काहीही तो कमी करणार नाही. मन मागून येईल. हात कामाला लागू द्या. म्हणून आज्ञापालनाविषयी बोलायचं तर मी मोठ्या शब्दांपासून सुरुवात करणार नाही. टाचेपासून करतो.

वजू म्हणजे नमाजीआधी हात-पाय-तोंड धुणं. त्याचे फर्ज, म्हणजे ज्यांच्याशिवाय तो होतच नाही अशा गोष्टी, चारच आहेत, पाचव्या सूरेच्या 6व्या आयतीत दिलेले. चेहरा धुणं : कपाळावर केस उगवतात तिथपासून हनुवटीच्या खालपर्यंत आणि एका कानाच्या पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत. हात धुणं, कोपरांसकट. डोक्यावर ओला हात फिरवणं. हनफी मताने (इस्लामी धर्मशास्त्राच्या एका परंपरेच्या मताने) निदान चौथाई डोक्यावर. आणि पाय धुणं, घोट्यांसकट. आधी मनगटापर्यंत हात धुणं, चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, प्रत्येक अवयव तीनदा धुणं या सुन्नती, म्हणजे पैगंबरांचा परिपाठ. हे सगळं लहानपणी मकतबमध्ये पाठ होतं आणि तरीही आयुष्यभर एक जागा कोरडी राहते : टाचेची मागची बाजू, घोट्याच्या खालची खाच. एका प्रवासात अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजीची वेळ टळत आली होती, सोबतचे लोक घाईघाईने पायांवरून नुसते ओले हात फिरवत होते. ते पाहून पैगंबर (स.) मोठ्याने म्हणाले, या टाचांचा आगीत नाश आहे. दोनदा की तीनदा म्हणाले. ज्यांनी सगळं सोडून साथ दिली त्या माणसांना हे सांगितलं गेलं, आणि तेही टाचेच्या चार बोटं कातडीसाठी.

कारण उघड आहे. चेहरा लोक पाहतात. टाच कुणी पाहत नाही, स्वतःलाही वाकून, पाय वळवून पाहावी लागते.

आपल्याकडे उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात. भेगेत मलम किंवा मेण भरलेलं असेल आणि ते काढल्याने इजा होणार असेल तर वरून पाणी वाहिलं तरी पुरतं. रावेर, यावल भागात केळीच्या कामावरून आलेल्या माणसाच्या हातांवर चिकाचे काळे डाग असतात. ते घासून घासून जात नाहीत आणि माणूस बिचारा वजू होतो की नाही या शंकेत पडतो. नियम सोपा आहे : डाग चालतो, थर चालत नाही. चीक, मेंदी, शाई यांचा नुसता रंग राहिला असेल तर पाणी कातडीपर्यंत पोहोचतं. ऑइल पेंट, सिमेंटचा पापुद्रा, नखांत वाळलेली कणीक, नेलपॉलिश हे थर. नखाने खरवडून पाहावं. पापुद्रा निघाला तर तो काढून तेवढी जागा धुवावी. पायाच्या बोटांमधून डाव्या हाताची करंगळी फिरवायची, उजव्या पायाच्या करंगळीपासून सुरू करून डाव्या पायाच्या करंगळीवर संपवायची. सफाईने केलं तर सगळा वजू दोन मिनिटांत होतो.

आणि पाणी. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वजू करत. मुद म्हणजे आजच्या मापाने पाऊण ते एक लिटर. मशिदीत नळ पूर्ण सोडून वजू करताना खाली एकदा बादली ठेवून पाहावी. अर्धी बादली सहज भरलेली दिसेल. ज्या गावांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे हीसुद्धा आज्ञाभंगाचीच जागा आहे, आणि ती बोलून दाखवायला हवी. नळ अर्धा उघडा, मसह करताना, म्हणजे डोक्यावर ओला हात फिरवताना, बंद करा.

पाणी मैलभर परिसरात नसेल किंवा पाण्याने आजार वाढणार असेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी माती. मनात नियत (संकल्प), दोन्ही तळवे स्वच्छ मातीवर मारून, झटकून चेहऱ्यावर. पुन्हा मारून हातांवर कोपरांपर्यंत. धुळे-नंदुरबारच्या मुरमाड जमिनीवरही होतो. इथे एक गोष्ट मनाशी धरून ठेवण्यासारखी आहे. मातीने अंग स्वच्छ होत नाही, हे कुणालाही कळतं. तरीही त्या दोन फटक्यांनी माणूस पाक ठरतो. म्हणजे पाणी असताना पाण्यात जो गुण होता तो पाण्याचा नव्हता, सांगणाऱ्याचा होता.

नियत मनात असते. अरबी वाक्य तोंडाने म्हणता आलं नाही म्हणून नमाज अडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी घरांतून, अहिराणी बोलणाऱ्या खेड्यांतून अनेक म्हाताऱ्या माणसांना आयुष्यभर वाटत राहतं की आपली नियत 'बरोबर' नाही. मनाला ठाऊक असलं की मी आता जुहरचे (दुपारच्या नमाजीचे) चार फर्ज पढतोय, तेवढी नियत झाली. आणि मन अहिराणीतही जाणतं. नमाजीतली किराअत (कुरआनाचं पठण) अरबीत, पण नमाजीबाहेरची दुआ ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत मागावी. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खानदेशची ती राजधानी. तिथल्या फारुकी राजवटीतल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. मशीद बांधणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवसाचे फर्ज मोजले तर 17 रकाती (नमाजीची आवर्तनं) होतात : फजर 2, जुहर 4, अस्र 4, मगरिब 3, इशा 4. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे 34 वेळा कपाळ जमिनीला लागतं. सजदा सात हाडांवर होतो : कपाळ, त्यात नाक आलं; दोन तळहात; दोन गुडघे; दोन्ही पायांची बोटं. चूक होते ती शेवटच्या ठिकाणी. कपाळ टेकलेलं असतं आणि मागे पायाची बोटं जमिनीवरून उचललेली असतात, किंवा एका पायावर दुसरा चढलेला असतो. सजदाभर दोन्ही पाय उचललेलेच राहिले तर सजदाच होत नाही. बोटं टेकवून, वळवून, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबाच्या दिशेला, करायची. कोपर जमिनीवर पसरायचे नाहीत.

दुसरी चूक घाईची. रुकूतून, म्हणजे कमरेतून वाकलेल्या स्थितीतून, उठल्यावर पाठ सरळ व्हायला हवी, अंग क्षणभर स्थिर व्हायला हवं. दोन सजद्यांच्या मध्ये नीट बसायला हवं. एक माणूस मशिदीत येऊन नमाज पढला आणि सलाम करायला आला. पैगंबर (स.) म्हणाले, परत जा आणि नमाज पढ, तू नमाज पढलाच नाहीस. तो परत गेला, तशीच पढून आला. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगली येत नाही, शिकवा. मग त्याला शिकवलं ते एवढंच : रुकूत थांब, उठून सरळ उभा राहा, सजद्यात थांब, बसताना थांब. काय पढायचं यापेक्षा कुठे थांबायचं यावर सगळा भर. रुकूत 'सुब्हान रब्बियल अजीम' आणि सजद्यात 'सुब्हान रब्बियल आला' निदान तीनदा, शब्द सुटे ऐकू येतील असं म्हटलं की थांबणं आपोआप साधतं. चार रकाती शांतपणे पढायला सहा-सात मिनिटं लागतात. दीड मिनिटात उरकतात त्यांचं काय वाचतं हे मला कधी समजलं नाही.

भूल झाली तर? चार रकातींच्या नमाजीत दोन रकातींनंतर बसायचं विसरून माणूस सरळ उभा राहिला, तर परत खाली बसायचं नाही. नमाज पुढे चालू ठेवायची आणि शेवटच्या बैठकीत अत्तहियात हा ठरलेला पाठ म्हणून झाल्यावर उजवीकडे एक सलाम, मग दोन सजदे, पुन्हा अत्तहियात, दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ), दुआ आणि सलाम. याला सजदा सहव म्हणतात. वाजिब, म्हणजे फर्जाच्या खालोखालचं बंधनकारक, राहून गेलं तर हा उपाय. रुकू किंवा सजदा यांसारखा फर्जच सुटला आणि नमाजीतच भरून काढला नाही, तर ती नमाज नव्याने पढावी लागते. मला यातली दया जाणवते. माणूस विसरणार हे धरून चाललेली ही व्यवस्था आहे. दुरुस्तीची रीतही हुकूम म्हणूनच दिली आहे, आणि ती दुरुस्तीही सजद्यानेच होते.

किब्ला आपल्याकडे 'पश्चिम' म्हणून सोडून देतात. जळगाव आणि मक्का दोन्ही 21 अंश अक्षांशाच्या आसपास आहेत, अंतर सुमारे 3,700 किलोमीटर. नकाशावर रेघ मारली तर ती जवळजवळ आडवी येते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग थोडा उत्तरेकडे झुकतो : जळगावहून किब्ला सरळ पश्चिमेच्या सुमारे 7 अंश उत्तरेला. नवं घर, नमाजीची खोली, कबर यांची दिशा पक्की करायची तर मोबाइलच्या कंपासवर विसंबू नये. सळया भरलेल्या स्लॅबखाली तो हमखास चुकतो. वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो : 28 मेच्या सुमारास आपल्या घड्याळाने दुपारी 2.48 वाजता, आणि 16 जुलैच्या सुमारास 2.57 वाजता. त्या मिनिटाला मोकळ्या अंगणात ओळंब्याने उभी केलेली काठी घ्यावी. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे रेघ ओढली की तो किब्ला. एक दिवस मागेपुढे झाला तरी फरक नगण्य. जुलैत आपल्याकडे ढग असतात. मेमधला दिवसच खात्रीचा. आणि जुन्या मशिदीची सफ (नमाजींची रांग) दोन-चार अंशांनी तिरकी निघाली म्हणून भांडण काढू नये. दूरच्या माणसाला दिशा पुरते. हनफी फुकहांनी (धर्मशास्त्र्यांनी) दोन्ही बाजूंना 45 अंशांपर्यंतची वाव मान्य केली आहे. भिंत पाडण्यासाठी हे मोजमाप सांगितलेलं नाही. नवी भिंत उभी करताना ते वापरावं.

आता ज्या ठिकाणी चांगली चांगली माणसं आज्ञा मोडतात तिकडे येतो. ते ठिकाण म्हणजे सवलत.

सुमारे 78 किलोमीटर किंवा अधिक दूर जायला निघालेला माणूस (काही उलेमा 92 धरतात) गावाची वस्ती ओलांडली की मुसाफिर होतो. जळगावहून भुसावळला जाणारा होत नाही. मुंबईला जाणारा होतो. तिथे 15 दिवसांपेक्षा कमी राहायचं असेल तर चार फर्जांचे दोनच पढायचे. हनफी मताने हा कसर, म्हणजे नमाज आखडती घेणं, वाजिब आहे. तरी पुष्कळ जण म्हणतात, आपल्याला काय त्रास आहे, एसी डब्यात बसून आलो, पूर्ण चार पढू. पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांनाही असाच प्रश्न पडला होता : आता तर भीती उरली नाही, मग कसर कशाला? पैगंबर (स.) म्हणाले, हा अल्लाहने तुम्हाला दिलेला सदका आहे, तो स्वीकारा.

बाईला पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, रोजा फक्त पुढे ढकललेला. त्या दिवसांत न पढणं हीच तिची ताबेदारी. नंतर नमाजी भरून काढायच्या नाहीत, रोजे भरून काढायचे. याचं कारण पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांना विचारलं तेव्हा त्यांनी तर्क मांडला नाही; आम्हाला असा हुकूम होता, एवढंच म्हणाल्या. इन्शुलिन घेणाऱ्या आजीला डॉक्टरने रोजा मना केला आहे आणि ती सगळ्यांपासून लपवून ठेवते आहे, असं आपल्या घराघरांत होतं. तिच्या रडण्याचा मान राखून तिला सांगायला हवं की आजाऱ्याची सूट ज्या सूरेत आहे त्याच सूरेत रोज्याचा हुकूम आहे, दोन्ही एकाच्याच तोंडचे. बरं होण्याची आशा नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाचं दोन वेळचं जेवण हा फिदया. आपल्या मनाला जास्त वाटलं म्हणून जास्त करणं ही आपल्या मनाची ताबेदारी झाली.

रोजा स्वतः मात्र सरळ कठीण आहे, आणि कठीणच असावा. 2018 साली रमजान मेच्या मध्यात सुरू झाला. तेव्हा आपल्याकडे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पावणेपंधरा तास भरत होते, बाहेर जळगावचं मे महिन्यातलं ऊन. चांद्र वर्ष दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतं, म्हणून तोच रोजा डिसेंबरात सव्वाबारा तासांचा होतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. विसरून पाणी प्यालं तर रोजा तुटत नाही, आठवताच थांबायचं. पण वजूच्या वेळी रोजा आठवत असताना चूळ भरताना पाणी घशात उतरलं तर हनफी मताने तुटतो, कजा (नंतर भरपाईचा) ठेवावा लागतो. म्हणून रोज्यात गुळण्या करायच्या नाहीत. सहेरीला, म्हणजे पहाटेच्या खाण्याला, वेळ संपत आल्यावर ढसाढसा पाणी पिण्याचा उपयोग होत नाही, ते तासाभरात निघून जातं. कळण्याची भाकरी, ताक, भिजवलेल्या खजुरा, मीठ कमी, हे दुपारपर्यंत साथ देतं. आणि जो खोटं बोलणं आणि त्यावर वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असं पैगंबरांचं (स.) स्पष्ट वचन आहे.

या वचनाने आपण मशिदीच्या पायऱ्या उतरून बाजारात येतो.

पैगंबर (स.) एकदा धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? धान्यवाला म्हणाला, पाऊस लागला. मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो माझ्यातला नाही. अशी वचनं जमवण्यात आपल्याच मुलखातल्या माणसाचा मोठा वाटा आहे : शेख अली मुत्तकी बऱ्हाणपूरला जन्मले, 1567 साली मक्केत वारले, आणि त्यांच्या संग्रहात 46 हजारांहून अधिक हदीसा आहेत. आता तो ओला हात आपल्या कापसात घालून पाहू. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 टक्के धरलेला असतो. त्यावर जितका जास्त तितकी कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. रात्री गाडी भरताना मधल्या थरावर पाणी शिंपडलं तर वरचा कापूस सकाळी कोरडा लागतो. मीटरची दांडी वरच खुपसली तर ते दिसत नाही. ढिगाच्या आत ओल आणि वर कोरडं : चौदाशे वर्षांपूर्वीचा तोच ढीग आहे. उलट बाजूनेही. काटा मारणारा, कटतीच्या नावाखाली किलो-दोन किलो कापणारा व्यापारी 83व्या सूरेत पहिल्याच तीन आयतींत आला आहे : घेताना पूर्ण मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे. माप हा त्या सूरेचा आरंभ आहे. जो 34 सजदे करून काट्यावर बसला, त्याचा पस्तिसावा सजदा काट्यावर आहे.

आणखी एक व्यवहार. बाग मोहोरावर असतानाच किंवा फळ दिसण्याआधीच सगळा माल ठोक विकून टाकायचा. फळाची पक्वता दिसेपर्यंत ते विकायला पैगंबरांनी (स.) मना केलं आणि कारणही दिलं : अल्लाहने फळच रोखलं, तर आपल्या भावाचा पैसा तू कशाच्या बदल्यात घेशील? मे-जूनच्या वावटळीत रावेरकडे उभ्या केळीबागा अर्ध्या तासात आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जकातीचा, म्हणजे दरवर्षीच्या बंधनकारक दानाचा, हिशेब तोंडी करतात म्हणून चुकतो. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. हा तोळा 11.664 ग्रॅमचा, आज सराफ्यात तोळा म्हणजे 10 ग्रॅम. म्हणून ग्रॅममध्येच मोजावं : सोनं 87.48, चांदी 612.36. नुसतं सोनंच असेल तर सोन्याचा निसाब. पण थोडं सोनं आणि थोडी रोकड असेल तर हनफी पद्धतीने दोन्हींची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडायची. दोन तोळ्यांची पोत आणि बँकेत काही हजार असलेली बाई स्वतःला गरीब समजते. ती बहुतेक वेळा जकात देणं लागते. अंगावरचे दागिनेही हनफी मताने धरायचे. शाफई या दुसऱ्या परंपरेच्या मताने नेहमीच्या वापरातले नाही. आजचा भाव, मजुरी वगळून, खडे वगळून, चाळिसावा हिस्सा. 100 ग्रॅमवर अडीच ग्रॅम. वर्ष चांद्र, 354 दिवसांचं. मार्च ते मार्च हिशेब धरणाऱ्याची 33 वर्षांत एक पूर्ण जकात बुडते. जकात आईबाप, मुलं, नवरा-बायको यांना देता येत नाही. गरीब भाऊ-बहिणीला देता येते, उलट तिथे पुण्य दुप्पट. देताना 'जकात' असं सांगायचीही गरज नाही. शेतमालावर पावसाच्या पिकाचा दहावा आणि विहीर-मोटारीच्या पिकाचा विसावा हिस्सा. आपल्या देशातल्या जमिनींना हा उश्र लागू होतो की नाही यावर उलेमांत मतभेद आहे. देणाऱ्याचं नुकसान कुणीच सांगितलेलं नाही.

आता वाटणी. माझ्या मते खानदेशातल्या मुसलमानाची खरी परीक्षा मशिदीत होत नाही, वारस नोंदीच्या दिवशी होते.

एक माणूस वारला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली, आणि 16 एकर जमीन. आधी कफन-दफनचा खर्च. मग कर्ज, बायकोचा मेहर (नवऱ्याने लग्नात देण्याचं धन) उधार राहिलेला असेल तर तेही कर्ज, आणि ते वाटणीच्या आधी फेडायचं. मग वसीयत (मृत्युपत्र) असेल तर फार तर एक-तृतीयांशापर्यंत, आणि वारसाच्या नावे नाही. उरलेल्यात बायकोचा आठवा हिस्सा : 2 एकर. राहिलेल्या 14 एकरांत मुलाला दोन वाटे, प्रत्येक मुलीला एक : मुलगा 7 एकर, मुली साडेतीन-साडेतीन. चौथ्या सूरेच्या 11 आणि 12 या आयतींचं हे गणित आहे. आणि लगेच पुढची, 13वी आयत म्हणते : या अल्लाहने आखलेल्या हद्दी आहेत, जो अल्लाहची आणि पैगंबराची आज्ञा पाळेल त्याला जन्नत. हुदूद म्हणजे आपल्या भाषेत बांध. एक वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचं जोखड पडेल असं वचन आहे. शेजाऱ्याने बांध कोरला तर आपण मोजणी आणतो. बहिणीचा साडेतीन एकरांचा बांध आपणच नांगरून टाकतो, आणि तिला हक्कसोडीवर सही करायला बोलावतो.

कारणं ठरलेली आहेत. लग्नात दिलं होतं. ते बापाने जिवंतपणी दिलेलं, वारशाचा हिस्सा नव्हे. तिने खुशीने सोडलं. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही खुशी नाही. खुशी तपासायची एकच रीत आहे : आधी तिच्या नावावर करा, ताबा द्या, एक पीक तिला घेऊ द्या; मग द्यायचं असेल तर ती देईल.

तौबेच्या तीन अटी सांगतात : चूक थांबवणं, तिचा पस्तावा होणं, पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क मारलेला असेल तर चौथी : तो परत करणं. पैगंबरांनी (स.) एकदा विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-सामान नाही तो. ते म्हणाले, दिवाळखोर तो, जो नमाज, रोजा, जकात घेऊन येईल, पण याला शिवी दिली, त्याचा माल खाल्ला, कुणाला मारलं असं करून. त्याची पुण्यं एकेका घेणेकऱ्याला वाटली जातील आणि संपली की त्यांची पापं याच्या अंगावर पडतील.

म्हणून एक वही असावी. ज्याच्याकडे सांगून ठेवण्यासारखं काही आहे त्याने लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी शिकवण आहे. साधी शंभर पानी वही त्याला पुरते. पहिल्या पानावर सुटलेल्या नमाजींचा अंदाज, बालिग झाल्यापासून, वर्षांनी. रोज एका फर्जासोबत एक कजा पढली की तेवढी खूण. दुसऱ्यावर राहिलेले रोजे. मग जकातीची तारीख, चांद्र महिन्यातली, आणि त्या दिवशीचा भाव. मग देणी : दुकानदाराची उधारी, सालदाराचे थकलेले पैसे, बायकोचा मेहर आकड्यासकट. शेवटी बहिणीचं पान. तिथे तिचं नाव सासरच्या आडनावासकट पूर्ण लिहावं, गट नंबर लिहावा, क्षेत्र लिहावं : साडेतीन एकर, उत्तरेकडून, विहिरीच्या हिश्श्यासह.